समाचार

आमच्या बोर्डिंगच्या व्हरांड्यात, जेवणाच्या हॉलच्या दारावर, निळ्या ऑइलपेंटने एक वचन लिहिलेलं होतं. याकोबाच्या पत्रातलं. अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घेणं हा देवाला आवडणारा शुद्ध धर्म, असा त्याचा मतलब. मी तेव्हा सहा-सात वर्षांची असेन, नुकती जोडाक्षरं वाचायला लागलेली, आणि ‘समाचार घेणं’ याचा मला एकच अर्थ ठाऊक होता, वर्गात दंगा केला की गुरुजी घेतात तो. त्यामुळे कितीतरी दिवस माझी समजूत अशीच की देवाने बोर्डिंगमधल्या मुलींना चांगलं रागवायला सांगितलंय, आणि रोज ताट घेऊन त्या दाराखालून जाताना माझ्या पोटात कालवायचं, कारण त्यातल्या बऱ्याचजणी मला जीव लावायच्या. एका रात्री न राहवून आईला विचारलं. ती म्हणाली, “अगं येडे, समाचार घेणं म्हणजे जाऊन बघून येणं. कशी आहेस, जेवलीस का, काही दुखतंय का. कुणी आजारी असलं की आपण जातो ना, तसं.”

आता माझी पन्नाशी उलटली तरी ते ‘जाऊन बघून येणं’ डोक्यातून गेलेलं नाही. अनाथ मुलं, आश्रम, बोर्डिंग असलं काही कुठे वाचलं की मी पहिलं हेच शोधते की कोण कुणाकडे गेलं.

माझी आई मेट्रन होती. नगर जिल्ह्यातलं एक मिशन कंपाउंड, त्यात चर्च, शाळा, पाळकसाहेबांचा बंगला, दोन चिंचा आणि मुलींचं बोर्डिंग. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे आमच्या भागात बोर्डिंग म्हटलं की ते काय असतं हे सांगत बसावं लागत नाही, कितीतरी घरांतल्या आज्या-पणज्या बोर्डिंगमध्येच पाटीवर अक्षर गिरवायला शिकल्या. माझे वडील गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. बहात्तरच्या दुष्काळानंतर बोर्डिंगमध्ये मुली खूप वाढल्या होत्या, एक बाई पुरेना, म्हणून मेट्रनची जागा निघाली आणि पाळकसाहेबांनी आईचं नाव सुचवलं. आई सातवी पास. पगार थोडा, पण राहायला खोली, दोघींचं जेवण तिथंच. अशी मी साठ-पासष्ट मुलींच्यात वाढले.

सगळ्या मुली तिला ‘बाई’ म्हणायच्या. आणि आईचा एक नियम होता, जो मला तेव्हा फार दुष्ट वाटायचा. सकाळच्या घंटेपासून रात्रीच्या घंटेपर्यंत मीही तिला ‘बाई’च म्हणायचं. ‘आई’ फक्त आमच्या खोलीत, दार लावल्यावर. एकदा अंगणात पडले, गुडघा फुटला आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं तर भांडी घासणाऱ्या सगळ्या मुली एकदम वळून बघायला लागल्या. माझ्या गुडघ्याकडे कुणी बघत नव्हतं. आई काय करते इकडे त्यांचं लक्ष होतं. त्या दिवसानंतर मी त्या नियमाबद्दल कुरकुर केली नाही.

जून म्हणजे ॲडमिशन. पाऊस पडो न पडो, पत्र्याच्या पेट्या यायच्या, कुणाच्या पेटीवर पेंटरकडून नाव घालून आणलेलं, कुणाची पेटीच नाही, खताच्या गोणीत कपडे. आई टेबलाशी रजिस्टर घेऊन बसायची आणि मी शाईच्या दौतीपाशी. त्या रजिस्टरबद्दल मला सांगायचंच आहे, कारण लोकांना वाटतं तसं ते नव्हतं. बाहेरचे लोक आमच्या बोर्डिंगला सरसकट ‘अनाथाश्रम’ म्हणायचे, पण ज्यांना दोन्ही नाहीत अशा मुली साठात सात-आठ असतील. बाकीच्यांना कुणी ना कुणी होतं. कुणाचा बाप दारूत बुडालेला, कुणाची आई विधवा होऊन भावाच्या दारात, कुणाच्या घरात कुष्ठरोग निघाला म्हणून गावाने टाकलेलं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे ऊसतोडीच्या. बीड, पाथर्डी, शेवगावकडच्या. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असायची, दसरा-दिवाळी झाली की कोयता निघायचा तो उन्हाळ्यातच परत यायचा, मग फडावर शाळा कुठली, पोरगी तिथं धाकट्या भावाला सांभाळत बसणार आणि अकरा-बारा वर्षांची झाली की तिच्याच हातात कोयता. हे त्या आयांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्या पोरीला सोडून जाताना रडायच्या नाहीत, भराभर निघायच्या. मला लहानपणी त्या कठोर वाटायच्या. आई म्हणायची, “थांबली तर जाववणार नाही तिला.”

रजिस्टरला शेवटचा रकाना होता ‘सोडल्याचा दिनांक’. तो लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

बोर्डिंगचा दिवस कुठल्याही बोर्डिंगसारखाच. पहाटे घंटा, प्रार्थना, झाडलोट, भाकरी, शाळा, संध्याकाळी अभ्यास, परत प्रार्थना. ह्याच्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. लिहिण्यासारखं आहे ते शनिवारचं. शनिवारी सकाळी सगळ्या डोक्यावरून न्हायच्या आणि दुपारी आई व्हरांड्याच्या पायरीवर फणी घेऊन बसायची. एकेक मुलगी येऊन तिच्या गुडघ्यांत पाठमोरी बसणार, आई उवा-लिखा काढणार, तेल लावून दोन वेण्या घालणार. एकीला चार-पाच मिनिटं. साठ मुली म्हणजे हिशेब करा, दुपार सरून संध्याकाळ व्हायची, राहिलेल्या रविवारी चर्चनंतर. मोठ्या मुली एकमेकींची वेणी घालू शकत होत्या की. वरिष्ठ बाईंनी आईला तसं सुचवलंही होतं, वेळ वाचेल म्हणून. आईने ऐकलं नाही. कारण त्या चार-पाच मिनिटांत ती मुलगी बोलायची. समोर तोंड नसल्यामुळे जास्तच बोलायची. पाळी आली ते, पोटात दुखतंय ते, शाळेत कुणी जातीवरून बोललं ते, सुट्टीत घरी गेल्यावर काका कसा वागला ते. आईला बोर्डिंगमधलं जे काही खरं कळायचं ते फणीमुळे कळायचं.

खूप वर्षांनी मी ‘बुखारेस्ट’चा अभ्यास वाचला आणि मला ती पायरी आठवली. रुमानियात १९८९ मध्ये हुकूमशाही पडली तेव्हा सरकारी अनाथालयांत लाखाहून जास्त मुलं सापडली, खायला मिळत होतं, अंथरूण होतं, पण उचलून घेणारं ठराविक असं माणूस नव्हतं, पाळीवर बदलणाऱ्या नर्स. २००० साली काही संशोधकांनी तिथल्या १३६ लहानग्यांवर अभ्यास सुरू केला, चिठ्ठी टाकावी तशी निम्मी मुलं पालक-कुटुंबांत पाठवली, निम्मी आहेत तिथे, आणि वर्षानुवर्षं मोजत राहिले. बुद्धी, बोलणं, मेंदूची वाढ, माणसावर विश्वास टाकता येणं, ह्या सगळ्यांत कुटुंबात गेलेली मुलं पुढे गेली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली तर फारच. जॉन बोल्बी ह्या डॉक्टरने तर १९५१ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहून ठेवलं होतं की लहान मुलाला एक कायमचं, जवळचं माणूस लागतं, अन्नासारखं. आईने ह्यातलं काही वाचलेलं नव्हतं. पण ती एकटी आणि साठ डोकी हे गणित चुकीचं आहे हे तिला शनिवारी संध्याकाळी हात भरून आल्यावर कळत होतंच. “मला पाच आया दे म्हणून मी देवाकडे मागायचे,” असं ती अजून म्हणते. मिळाली ती एक स्वयंपाकीण.

मी चौथीत असताना आई मोठ्या मुलींना घेऊन केडगावला गेली आणि मलाही नेलं. नगरच्या वेशीजवळचं केडगाव नव्हे, दौंड-पुणे लाइनवरचं, रमाबाईंचं. पॅसेंजरने दौंड, तिथे गाडी बदलून केडगाव. मुक्ती मिशनचं आवार इतकं मोठं की आमचं अख्खं कंपाउंड त्याच्या कोपऱ्यात मावलं असतं. पंडिता रमाबाईंच्या कबरीजवळ आईने आम्हाला उभं केलं आणि गोष्ट सांगितली. ती सांगताना तिने विद्वत्तेपासून सुरुवात केली नाही, भुकेपासून केली.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवणारे. रमाबाई १८५८ च्या. सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरायचं. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, होतं ते संपलं, पानं खाऊन दिवस काढले, आणि काही महिन्यांच्या अंतराने वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. ही दोन पोरं चालत चालत देश पालथा घालून १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटलं, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याआधी ती एक अनाथ, उपाशी, अनवाणी मुलगी होती हे धड्यात पटकन मागे पडतं. पुढे भाऊही गेला, लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत नवराही गेला, पदरात मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन, विधवांसाठी, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. महर्षी कर्व्यांच्या पत्नी, गोदूबाई, ह्याच सदनात शिकलेल्या.

मग १८९६ चा दुष्काळ. मध्य प्रांतातून बातम्या यायला लागल्या. रमाबाईंनी नंतर लिहून ठेवलंय की स्वतःच्या दुष्काळाची आठवण त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या उठल्या आणि गेल्या. सरकारी कामांवर, गरीबखान्यांत, रस्त्याच्या कडेला, आणि तिथून मुली घेऊन आल्या, सांगाडे झालेल्या, अंगावर फोड आलेल्या, काहींना माणसांनी इतकं वाईट वापरलेलं की त्या कुणाला हात लावू देत नसत. पुण्यात प्लेगची धामधूम, एवढ्या मुली तिथे ठेवता येईनात, मग केडगावला घेतलेल्या शेतावर तंबू आणि छपरं उभी केली, त्याचं मुक्ती झालं. तीन वर्षांनी गुजरात-राजपुतान्यातला दुष्काळ, परत गेल्या, आणि १९०० च्या सुमाराला तिथे जवळजवळ दोन हजार बायका-मुली होत्या. दोन हजार! मी आईच्या शनिवारच्या हिशेबाने विचार करते तेव्हा मला गरगरतं. तिथे मोठ्या मुलींकडे लहानग्या सोपवलेल्या असायच्या, तसं केलं नसतं तर ते चाललंच नसतं.

आणि शिक्षण. रमाबाई अमेरिकेत गेल्या तेव्हा बालवाडीची पद्धत शिकून आल्या होत्या, फ्रोबेलची, म्हणजे लहान मुलांनी हाताने करून, खेळून शिकायचं. मुक्तीत माग, शिवण, गोठा, तेलाचा घाणा, शेती, आणि छापखाना. अंध मुलींसाठी मनोरमाबाईंनी ब्रेल सुरू केलं. छापखान्याचं मला सगळ्यात नवल वाटतं, दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायच्या, आणि रमाबाईंनी बायबलचं हिब्रू-ग्रीकमधून सोप्या मराठीत भाषांतर केलं तेही तिथंच छापलं गेलं. खेड्यातल्या बाईला वाचता यावं म्हणून सोपं मराठी. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, भाषांतराचं काम हातावेगळं करून. मनोरमा आदल्या वर्षीच गेलेली होती. आई हे सांगून गप्प झाली आणि मोठ्या मुलींपैकी एकीने विचारलं, “बाई, म्हणजे त्यांना शेवटी परत कोणीच नव्हतं?” आईने आवाराकडे हात केला. बोलली काही नाही.

आता धर्माचं. ते टाळून हा लेख पूर्ण होणार नाही आणि मला टाळायचंही नाही. १८९३ मध्ये शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती करतात म्हणून पुण्यात वादळ उठलं, सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले, केसरीने झोड उठवली, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणावर सक्ती केली नाही, पण माझी प्रार्थना मी दार बंद करून करणार नाही. मी ख्रिस्ती आहे, माझा विश्वास मला आईच्या दुधाबरोबर मिळालाय आणि तो मला प्यारा आहे. तरीही उपाशी मुलाला भाकरी आणि बायबल एकाच हाताने दिलं तर ते मूल नाही म्हणू शकत नाही, हा प्रश्न खरा आहे, तो विचारणाऱ्याला शत्रू समजायचं काही कारण नाही. आपल्या राज्यघटनेचं २८ वं कलम सांगतं की सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती नाही, आणि मूल वयाने अज्ञान असेल तर त्याच्या पालकाची संमती हवी. मला हे कलम ख्रिस्ती माणूस म्हणूनही बरोबर वाटतं.

आईने तिच्या परीने एक वाट काढली होती. ऊसतोडीच्या बऱ्याच मुली ख्रिस्ती नव्हत्या. एकीच्या गळ्यात देवीचा ताईत होता, तिच्या आजीने बांधलेला, तो काढायला लावा असं आईला सांगण्यात आलं. आईने तो काढला, आणि तिच्या आतल्या बंडीच्या आतल्या बाजूला टाके घालून शिवून दिला. “आजीचा हात आहे तो,” म्हणाली. आणि रात्रीच्या प्रार्थनेत तिने एक पद्धत पाडली होती की प्रत्येकीने आपल्या घरच्यांची नावं घ्यायची, मोठ्याने. ज्याला ज्या देवाकडे घ्यायची त्याच्याकडे घ्या पण नावं घ्या. आई, बाप, आजी, भाऊ, एकजण म्हशीचंही नाव घ्यायची. साठ मुलींची नावं संपेपर्यंत निम्म्या पेंगायला लागायच्या. पण त्यामुळे वर्ष-वर्ष घर न दिसलेली मुलगीही आपल्या माणसांची नावं विसरली नाही. ज्यांना कुणीच नव्हतं त्या काय म्हणायच्या? एकजण रोज माझं नाव घ्यायची. मला ते तेव्हा साधं वाटायचं.

सगळं असंच गोड होतं असं मी लिहिलं तर खोटं होईल. अंथरूण ओलं करणारी एक लहान मुलगी होती, नवी आलेली. एका वरच्या अधिकारी बाईंनी तिला ती ओली गोधडी डोक्यावर घेऊन अंगणात उभं केलं, शाळेला निघालेल्या सगळ्यांच्या देखत, तासभर. आई व्हरांड्यात होती. आई काही बोलली नाही. नोकरी जाईल, खोली जाईल, मला घेऊन कुठे जाणार, हे तिच्या मनात असणार. आता ती त्र्याऐंशी वर्षांची आहे, कधीकधी रात्री तिला झोप लागत नाही तेव्हा त्या गोधडीचं बोलते. “मी खाली उतरून गोधडी घ्यायला पाहिजे होती. एवढंच करायचं होतं.” मी तिला समजावायला जात नाही.

ती एक गोधडी होती. जगात ह्याहून कितीतरी भयंकर घडलं, आणि क्रूस लावलेल्या भिंतींच्या आत घडलं. आयर्लंडच्या चौकशी आयोगाचा अहवाल २००९ मध्ये आला, धार्मिक संघांनी चालवलेल्या शाळांत मुलांना दशकानुदशकं मारहाण आणि लैंगिक छळ. कॅनडात मूलनिवासींची दीड लाख मुलं आईबापांपासून तोडून चर्चच्या निवासी शाळांत घातली, त्यांची भाषा बोलली तर शिक्षा. ब्रिटनमधून हजारो मुलं जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला पाठवली, कितीकांना सांगितलं तुझे आईबाप मेले, आणि ते जिवंत होते. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाने आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने माफी मागितली. हे आम्ही ख्रिस्ती लोकांनीच आधी बोललं पाहिजे, दुसऱ्याने काढून दाखवायची वाट न बघता. ह्या सगळ्या ठिकाणी मला एक गोष्ट सारखी दिसते. मुलाला घरातून आणलं आणि मागचा रस्ता बुजवला. पत्रं दडवली, नावं बदलली, भावंडं वेगळी केली. मग त्या मुलाचं ऐकायला बाहेरचं कुणी उरलं नाही, आणि ज्याचं ऐकायला कुणी नाही त्याच्याशी कसंही वागता येतं.

म्हणून मला आईच्या पोस्टकार्डांचं एवढं अप्रूप आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती लहान मुलींची पत्रं लिहून द्यायची, मोठ्या आपली आपण. फडाचा पत्ता काय घालणार, तर साखर कारखान्याचं नाव आणि मुकादमाचं नाव. पोचायची की नाही देव जाणे, पण दिवाळीच्या आधी आणि मे महिन्यात ती एसटीने चार-पाच गावं करून यायची. समाचाराला जाऊन येते म्हणायची. त्याचे पैसे संस्थेकडून मिळत नव्हते.

पैशाचं आठवलं म्हणून सांगते. आमच्याकडे परदेशातून स्पॉन्सर होते, भले लोक, त्यांच्या पैशावर कितीकजणी शिकल्या, त्यांच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. वर्षातून एकदा फोटोवाला यायचा, प्रत्येकीला धुतलेला फ्रॉक घालून भिंतीपाशी उभं करायचे, फोटो आणि आभाराचं पत्र जायचं. त्या ओळीत मी नव्हते. मी खिडकीतून बघायचे आणि मला वाटायचं माझाही फोटो काढावा. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की मी त्या ओळीत का नव्हते. वडील गेल्यावर आईला कुणी नोकरी दिली नसती तर मीही जूनमध्ये पेटी घेऊन त्याच रजिस्टरसमोर उभी राहिले असते आणि आई भराभर निघून गेली असती. आमच्या दोघींत फरक पडला तो एका पगारामुळे आणि एका खोलीमुळे. बाकीच्या मुलींच्या आयांना कुणी स्पॉन्सर केलं नाही. मुलीचा फोटो पाठवता येतो. घरीच राहिलेल्या मुलीचा आणि तिच्या आईचा फोटो कुणी मागितला नाही.

हेच आता मोठमोठ्या कागदांवर आलंय. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं केली, त्यात स्पष्ट आहे की निव्वळ गरिबीमुळे मूल आईबापांपासून तोडायचं नाही, त्या घराला मदत करायची. आपला २०१५ चा बालन्याय कायदाही म्हणतो की संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, आधी घर, नातेवाईक, पालक-कुटुंब, दत्तक. प्रत्येक मूल बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, प्रत्येक संस्थेची नोंदणी. ह्या नियमांनी बरीच बोर्डिंगं बंद झाली, आमचंही झालं, त्या इमारतीत आता इंग्लिश मिडियम शाळा भरते आणि वचनावर पांढरा रंग मारलाय. लोक मला म्हणतात वाईट वाटत असेल. वाटतं. पण नियम चुकीचा आहे असं मला म्हणता येत नाही, त्या साठातल्या तीस-चाळीस तरी आपल्या आईजवळ राहू शकल्या असत्या. मात्र बोर्डिंग बंद करून मुलीला घरी पाठवलं आणि घरी कोयता तसाच असला तर ती कुठे जाणार हेही बघायला कुणीतरी त्या घरी गेलं पाहिजे ना.

महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, एकल पालकाच्या मुलाला महिन्याला २२५० रुपये. कोरोनानंतर आमच्या मंडळीतल्या तीन घरांचे फॉर्म मी भरले. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, बोनाफाइड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला, एक कागद आणला की दुसरा मागतात, एका बाईच्या नवऱ्याच्या दाखल्यावर नावात काना चुकला म्हणून चार महिने गेले. त्या बाईने मला विचारलं होतं, “ताई, तुमच्या ओळखीचं एखादं बोर्डिंग नाही का?” पैसे सुरू झाल्यावर तिने परत विचारलं नाही. तिची पोरगी आता आठवीत आहे, घरातच आहे. चर्चने अनाथांसाठी काय करावं असं कुणी विचारलं तर मी पहिलं हे सांगते, फॉर्म भरा, तहसीलला बरोबर जा, त्या बाईला काम मिळतंय का बघा. ज्यांना खरंच कुणी नाही किंवा घरातच धोका आहे त्यांच्यासाठी घर लागतंच, पण ते लहान असावं, दहा-बारा मुलांचं, आणि फणी घेऊन बसणारी एक बाई कायमची असावी.

आणि आता तो शेवटचा रकाना, ‘सोडल्याचा दिनांक’. ब्रिस्टलला जॉर्ज म्युलर होते, १८३६ मध्ये तीस मुलींपासून सुरुवात केली आणि आयुष्यात दहा हजारांवर मुलं सांभाळली, कुणापुढे हात न पसरता, फक्त प्रार्थनेवर. रमाबाईंनी त्यांचं चरित्र वाचलं होतं आणि मुक्तीही त्याच विश्वासावर चालवलं. म्युलर यांच्याकडून मूल बाहेर पडताना त्याला बायबल, कपडे आणि एक पत्र्याची पेटी मिळायची. मला हे वाचून भरून आलं, आमच्याकडेही पेटीच. दहावी झाली की पेटी घेऊन जायचं, कुणी नर्सिंगला, कुणी डीएडला, कुणी लग्न करून, कुणी नुसतंच गावाला. रजिस्टरमध्ये तारीख पडली की संस्थेचं काम संपलं. आता कायद्यात अठरानंतरही एकवीसपर्यंत आधार द्यायची तरतूद आहे, २०१८ पासून राज्यात अनाथांना नोकरी-शिक्षणात एक टक्का आरक्षण आहे, ह्या चांगल्या गोष्टी आहेत. पण पहिल्या बाळंतपणाला कुणाकडे जायचं, भाड्याच्या खोलीच्या कागदावर ओळखीचं माणूस म्हणून कुणाचं नाव घालायचं, हे कुठल्या कलमात बसवणार?

आईने एक शंभर पानी वही घातली होती. रजिस्टरमध्ये तारीख पडली की त्या मुलीचं नाव वहीत चढायचं. गेली कुठे, कुणाबरोबर, पत्ता. मग लग्न, मुलं, नवऱ्याचं गाव, बदली, पुढे फोन नंबर, मग मोबाइल नंबर. आता अशा तीन वह्या आहेत. आईला दिसत नाही, म्हणून रविवारी चर्चवरून आलो की मी वही वाचते, ती सांगेल तिला फोन लावते आणि स्पीकर चालू करते. पलीकडून साठीला आलेल्या बायका “बाई!” म्हणून ओरडतात. एक मुंबईत सरकारी हॉस्पिटलातून सिस्टर इनचार्ज म्हणून रिटायर झाली. एक अजून ऊसतोडीलाच जाते, तिचा फोन फडावर लागतो, मागे ट्रॅक्टरचा आवाज. आई सगळ्यांना तेच तीन प्रश्न विचारते. कशी आहेस, जेवलीस का, काही दुखतंय का.

पहिल्या वहीत अकराव्या पानावर एक नाव आहे. ती दहावीआधीच मामाने काढून नेली, सोळाव्या वर्षी लग्न लावलं. आई दोनदा एसटीने गेली, दोन्ही वेळा मामाने दारातूनच परत पाठवलं. त्या नावापुढे पाथर्डीचा पत्ता खोडलाय, मग पैठणचा खोडलाय, मग नुसतं ‘पुणे?’ एवढंच. प्रार्थनेत माझं नाव घ्यायची ती हीच. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एकीकडून तिचा म्हणून एक नंबर मिळाला. रिंग जाते. कुणी उचलत नाही, किंवा बंद लागतो. परवाच्या रविवारी मी परत लावला, पूर्ण रिंग जाऊ दिली, आणि वही मिटायला लागले तर आई म्हणाली, “मिटू नको, पेन्सिलीने तारीख टाक. संध्याकाळी परत लाव, दिवसा कामाला जात असेल ती.”